एरोबार घेताना आणि बसवताना या चुका टाळा

गोव्याची हाफ आयर्नमॅन (पोहणं, 90 किलोमीटर सायकल आणि 21 किलोमीटर पळणं अशी शर्यत) जवळ येऊ लागली की पुण्या-कोल्हापूरकडच्या रोड बाइकवाल्यांमध्ये हमखास एक प्रश्न फिरतो: एरोबार, म्हणजे हँडलबारवरून पुढे निघणाऱ्या, पॅडवर हात टेकून झुकायच्या नळ्या, कोणता घ्यायचा? मग तुलना सुरू होते. हा इतक्या ग्रॅमचा, तो तितक्या हजारांचा, हा कार्बनचा, तो ॲल्युमिनियमचा. माझ्या मते हे सगळं सगळ्यात शेवटी बघायचं. आधी बघायचं ते एवढंच, की पॅड तुमच्या हाताखाली नेमका हवा तिथे येतो का आणि त्या अवस्थेत तुम्ही 90 किलोमीटर काढू शकता का.

कारण साधं आहे. सपाट रस्त्यावर वेग तिशीच्या पुढे गेला की तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि त्या हवेला आडवं येतं ते मुख्यतः तुमचं अंग. सायकलचा वाटा त्या मानाने थोडा. एरोबारची कमाई होते ती त्यावर पडून राहण्यातून. दोनशे ग्रॅम वाचवणारा महागडा बार घेतला आणि दर पाच मिनिटांनी पाठ धरली म्हणून उठून बसलात, तर पैसे वाया गेले.

हँडलबार न मोजता ऑर्डर करणं

परत पाठवलेल्या एरोबारांमागे बहुधा हेच कारण असतं. क्लिप-ऑन (हँडलबारवर वरून चढवायचा) एरोबार स्टेमच्या (हँडलबार धरणाऱ्या मधल्या तुकड्याच्या) दोन्ही बाजूंना हँडलबारच्या जाड, गोल भागावर क्लॅम्पने, म्हणजे पकडीने, आवळला जातो. आजच्या बहुतेक रोड बाइकला हा भाग 31.8 मिलिमीटर जाड असतो, जुन्या सायकलींना 26 किंवा 25.4. व्हर्नियर कॅलिपर नसेल तर कागदाची पट्टी गुंडाळून घेर मोजा. दहा सेंटिमीटर भरला तर 31.8, आठच्या आसपास भरला तर जुनं माप.

पण जाडी जुळली म्हणजे काम झालं असं नाही. तो गोल भाग स्टेमच्या बाहेर किती लांब जातो तेही बघा. बऱ्याच हँडलबारांत तो लगेच निमुळता होतो आणि क्लॅम्पला बसायला जागाच उरत नाही. वरून चपटा असलेला एरो हँडलबार असेल तर साधा क्लिप-ऑन बसत नाही. स्टेम आणि हँडलबार एकजीव असलेल्या कॉकपिटला त्याच कंपनीचा वेगळा जोड मिळत असेल तरच पुढे जा. हँडलबार कार्बनचा असेल तर क्लिप-ऑन चालतो का, हे त्याच्या माहितीपत्रकात वाचून मगच पैसे भरा. दुकानदार ‘चालतंय की’ म्हणाला, एवढ्यावर विसंबू नका. क्लॅम्पच्या दाबासाठी न बनवलेल्या कार्बनला तडा गेला तर तो बाहेरून दिसेलच असं नाही.

नळीचा आकार बघून भुलणं

सरळ, स्की-बेंड (टोकाशी हलकी वर वळलेली), एस-बेंड (एस अक्षरासारखी), जे-बेंड (टोकाशी जास्त वर वळलेली) अशा आकारांवर तासन्‌तास वाद चालतात. मनगट जितकं नैसर्गिक कोनात राहील तितकं बरं, म्हणून नवख्याला स्की-बेंड किंवा एस-बेंड सहसा मानवतो. विषय तिथेच संपतो. अनेक मॉडेलांत नळी 22.2 मिलिमीटरचीच असते आणि नंतर बदलताही येते. पॅड धरणारा ब्रॅकेट मात्र बदलता येत नाही. जो आला तो आला.

म्हणून दोन मॉडेल शेजारी ठेवली की मी चार गोष्टी बघतो. पॅड हँडलबारपेक्षा किती उंच बसतो आणि खाली स्पेसर (उंची वाढवणाऱ्या चकत्या) घालून तो आणखी उचलता येतो का. पॅड पुढे-मागे किती सरकतो. दोन पॅडमधलं अंतर किती कमी-जास्त होतं. आणि नळ्या पुढून थोड्या वर उचलता येतात का. या चारही बाबतींत मोकळीक देणारा साधा ॲल्युमिनियमचा बार मी डोळे मिटून घेईन, आणि एकाच जागी जखडलेला देखणा कार्बनचा बार तिथेच सोडून येईन. पहिल्यांदाच घेणाऱ्याला आपलं माप माहीत नसतं. ते दोन-तीन महिने चालवून सापडतं, आणि तोवर बार हलवता यायला हवा.

पॅड कुठे यावा? कोपराच्या हाडाखाली नको. त्याच्या किंचित पुढे, हाताच्या मांसल भागाखाली यावा. दंड जवळजवळ उभा राहावा आणि डोक्याचा भार हाडांवर विसावावा. खांदे कानांकडे चढत असतील तर काहीतरी चुकतंय.

सीट होती तिथेच ठेवणं

रोड बाइकची सीट ट्यूब (सीटखालची उभी नळी) साधारण 73-74 अंशांत असते, ट्रायथलॉन बाइकची 76 ते 80. म्हणजे ट्राय बाइकवर माणूस पेडलच्या जास्त वर, पुढे बसलेला असतो, आणि पुढे वाकला तरी मांडी पोटाला भिडत नाही. रोड बाइकवर नुसता एरोबार चढवला की हात पुढे ताणले जातात आणि कंबर मात्र मागेच राहते. मग माणूस नकळत सरकत सीटच्या टोकावर येतो, आणि अर्ध्या तासात नाजूक जागा बधिर होते. शिव्या खातो एरोबार.

यावर उपाय म्हणजे सीट पुढे घ्यायची, आणि पुढे घेतली की थोडी वरही करायची, कारण पुढे सरकल्यावर ती पेडलच्या जवळ येते. तरीही हात लांबच पडत असतील तर आखूड स्टेम किंवा एरोबारच्या आखूड नळ्या. बधिरपणा जात नसेल तर पुढून दुभंगलेल्या किंवा आखूड नाकाच्या सीटचा विचार करा. तो खर्च कार्बनच्या नळ्यांपेक्षा जास्त कामी येईल.

पहिल्या दिवसापासून खाली झोपणं

1989 च्या टूर द फ्रान्सच्या शेवटच्या दिवशी ग्रेग लेमाँ एरोबार लावून आला आणि लोराँ फिन्योंला मागे टाकत अख्खी टूर 8 सेकंदांनी जिंकला. तो किस्सा सगळ्यांना पाठ असतो. पण ती टाइम ट्रायल (एकेकट्याने घड्याळाशी लढायची शर्यत) 24.5 किलोमीटरची होती आणि त्याने ती सत्तावीस मिनिटांच्या आत संपवली. तुम्हाला ताशी 30 च्या वेगाने तीन तास जायचं आहे, आणि उतरून 21 किलोमीटर पळायचंही आहे. इतकं खाली जाऊन पोट दाबलं गेलं तर धड श्वास घेता येत नाही, ताकदीसाठी घेतलेलं एनर्जी जेल पचत नाही, आणि मान तर आधीच गेलेली असते.

पॅड उंच ठेवून सुरुवात करा. ट्रेनरवर (घरात सायकल एका जागी चालवायच्या स्टँडवर) सलग वीस मिनिटं न उठता जमली की एक स्पेसर काढा. पॉवर किंवा वेग पडायला लागला की समजा एक पायरी जास्त उतरलो, परत वर घ्या. शर्यतीच्या आठवड्यात नवा बार चढवणाऱ्याला मी काय सांगणार?

अंदाजाने आवळणं

खड्ड्यात चाक आपटलं आणि बार खाली झुकला, ही नेहमीची तक्रार. कारण बोल्ट सैल, किंवा क्लॅम्पखाली ग्रीस किंवा घाम. बोल्ट बहुधा 5 न्यूटन मीटरच्या आसपास आवळायचे असतात. नेमका आकडा सहसा क्लॅम्पवरच कोरलेला असतो. दोन्ही बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे, टॉर्क रेंचनेच (किती जोराने आवळतोय ते दाखवणाऱ्या पान्यानेच) आवळा. साधी एल-की (एल आकाराची चावी) हातात आली की आपण सैल तरी ठेवतो किंवा पिळून तरी काढतो. कार्बनवर कार्बन पेस्ट (घसरण थांबवणारी खरखरीत पेस्ट) लावली की कमी दाबातही पकड राहते.

मग क्लॅम्प आणि हँडलबार यांच्या सांध्यावरून नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की बार सरकला. विमानाने किंवा बसने सायकल न्यायची असेल तर काढलेला बार परत नेमका तिथेच बसवायलाही हीच रेघ उपयोगी पडते.

आवळूनही कुरकुर येत असेल तर क्लॅम्प उघडून पुसा. आवाज बहुतेकदा धुळीचा असतो. हात सुन्न होत असतील तर नळ्यांवरची मूठ सैल करा, मनगट वाकतंय का बघा. मान दुखत असेल तर पॅड वर. सायकल डगमगत असेल तर पॅड फार जवळ आलेत किंवा सगळं वजन पुढे गेलंय. पॅडमधलं अंतर थोडं वाढवा, हात आपोआप स्थिर होतील.

ब्रेक कुठे आहेत हे विसरणं

क्लिप-ऑनवर असताना ब्रेक हाताशी नसतात. कुत्रं आडवं आलं, पुढच्याची बाटली उडाली, तर हात उचलून ब्रेकवर जाईपर्यंत काही मीटर निघून जातात. म्हणून गर्दीत, वळणावर, पाण्याच्या टेबलाजवळ, उतारावर आणि कुणाच्या मागे असताना एरोबार सोडायचा. गोव्यात 90 किलोमीटर फेऱ्यांमध्ये काढायचे असतात, आणि प्रत्येक फेरीत हे उठणं-बसणं येतंच. तेव्हा एका हाताने बाटली काढून पुन्हा खाली जायचा सराव आधीच करून ठेवा. दोन हातांमध्ये बाटली बसवण्याची सोय असलेला बार तिथे फार सुखाचा.

आयर्नमॅनमध्ये पुढच्यापासून 12 मीटर अंतर राखावं लागतं, म्हणून एरोबारची मुभा आहे. ड्राफ्ट-लीगल, म्हणजे दुसऱ्याच्या मागे चिकटून चालवायला परवानगी असलेल्या, शर्यतींचे नियम वेगळे आणि कडक आहेत. खरेदीआधी तुमच्या शर्यतीचं नियमपत्रक वाचा. नळ्यांच्या टोकांना बूच मात्र सगळीकडे लागतंच. उघडी नळी पडताना अंगात घुसू शकते, आणि चेक-इनला अडवतात ते वेगळंच.

पॅडचा स्पंज घाम पितो आणि वेल्क्रो सुटतो. दोन जोड्या घेऊन ठेवा, दर आठवड्याला धुवा. इनडोअर ट्रेनरवाल्यांनी बोल्टही पुसून ठेवावेत. घामाने ते इतके गंजतात की काढायच्या वेळी डोकी गोल होतात आणि मग ड्रिल मशीन आणावं लागतं.