जुन्या गाडीचा एसी: सोलापूरच्या उन्हात टिकेल असा

एप्रिल उजाडला की कॉन्टेसा, ११८ एनई आणि मागाहून एसी बसवलेल्या अँबॅसिडर-पद्मिनी गॅरेजच्या दारात उभ्या राहतात. मालकाचं वाक्य ठरलेलं असतं, "गॅस संपलाय, भरून द्या." गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो, कमी झाला असेल तर कुठून तरी गळालेला असतो. आणि ४२ अंशांच्या दुपारी, गॅस पुरेसा असूनही जुनी गाडी गार होत नसेल, तर बहुतेक वेळा दुखणं कंडेन्सरच्या (रेडिएटरपुढे बसवलेल्या, गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या) हवेत असतं. म्हणून गॅसला हात लावण्याआधी बॉनेट उघडून पुढची जाळी बघा.

कंडेन्सरच्या पत्र्यांत धूळ, किडे आणि गाडी यंत्रमागांच्या भागात उभी राहत असेल तर सुताचे तंतू असा थर बसतो. तो इंजिनाच्या बाजूने पुढे असा पाण्याच्या मध्यम धारेने धुवा. प्रेशर वॉशरने पत्रे दुमडतात. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यात १५-२० मिलिमीटर जागा ठेवा, पण कडेची फट फोमने बंद करा, नाहीतर हवा बाजूने पळते. पुढचा पंखा हवा इंजिनाकडे ढकलतोय ना, हे कागदाचा कपटा धरून पाहा. वायर उलट जोडल्याने उलटा फिरणारा पंखा अनेक गाड्यांत सापडतो. एक सोपी परीक्षाही आहे: एसी चालू ठेवून कंडेन्सरवर मगभर पाणी ओता. डॅशबोर्डच्या जाळीतून येणारी हवा लगेच गार झाली, तर दोष हवेच्या झोताचा.

आता गळती. सोलापूरची धूळ इथे उपयोगी पडते: जिथून गॅस सुटतो तिथून थोडं तेलही झिरपतं आणि त्यावर माती चिकटून काळा चिकट थर होतो. कॉम्प्रेसरचं (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचं) शाफ्ट सील, होजचे दाबलेले सांधे, ओ-रिंग (सांध्यातल्या रबरी कड्या) आणि सर्व्हिस व्हॉल्व्ह या चार जागा आधी. डॅशबोर्डखालची, हवा गार करणारी कूलिंग कॉइल शेवटी, कारण ती काढणं जिकिरीचं. गॅस आधी रिकव्हरी मशीनने काढून घ्या. मग कोरडा नायट्रोजन १५० पीएसआय दाबापर्यंत भरून साबणाचा फेस लावा. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन चुकूनही नको, तेलाशी त्याचा स्फोट होतो. आणि जुना गॅस असलेल्या नळीजवळ गॅसबत्ती पेटवू नका, ज्वाळेत आर-१२ या जुन्या एसी गॅसपासून विषारी वायू तयार होतो.

आर-१२ चं उत्पादन ओझोन थर वाचवण्यासाठीच्या माँट्रियल करारानुसार भारतात २०१० च्या आधीच थांबलं. आता त्या नावाने मिळणाऱ्या डब्यांवर भरवसा ठेवू नका. त्याच्या जागी आर-१३४ए या गॅसवर यावंच लागतं, आणि ते निव्वळ गॅस बदलून होत नाही. त्याचे रेणू लहान असल्याने जुन्या रबरी होजमधून तो झिरपतो, म्हणून आतून नायलॉनचा थर असलेले बॅरिअर होज घाला. ओ-रिंग हिरव्या एचएनबीआर रबराच्या लावा, बसवताना त्यांना नवं एसी तेल पुसा. ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारी डबी) नवा आणि १३४ए साठीचाच घ्या. त्याच्या टोप्या अगदी शेवटी काढा, कारण उघडा ड्रायर हवेतला ओलावा पीत बसतो.

जुनं खनिज तेल आर-१३४ए बरोबर फिरत नाही. नळ्या आणि कूलिंग कॉइल फ्लशिंग द्रावणाने धुवून नायट्रोजनने कोरड्या करा. रॉकेल-पेट्रोलने धुण्याची पद्धत अजून दिसते, ती रबर खाते आणि आत राहून जाते. कॉम्प्रेसर, ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये जाणारा गॅस मोजून सोडणारी झडप) फ्लश करू नयेत. कॉम्प्रेसरमधलं तेल उलटं करून काढा आणि मोजा. जुन्या तेलाचा थोडा अंश राहिला तरी चालणारं एस्टर तेल जुन्या गाडीला बरं, पीएजी तेल त्या बाबतीत नखरेल आहे. कॉम्प्रेसरच्या पट्टीवर लिहिलेलं तेलाचं माप पाळा. जास्त तेल गारवा मारतं.

बजेट असेल तर जुन्या नळी-पत्र्याच्या कंडेन्सरऐवजी पॅरलल फ्लो (शेजारी-शेजारी चपट्या नळ्यांचा) कंडेन्सर लावा. आपल्याकडच्या उन्हात हाच खर्च सगळ्यात जास्त वसूल होतो. गॅसची आवक वर, जावक खाली.

मग व्हॅक्यूम, म्हणजे नळ्यांतली हवा आणि ओलावा पंपाने ओढून काढणं. पंप ४५ मिनिटं चालवा, झडपा बंद करून अर्धा तास थांबा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास असल्याने गेजचा काटा २९ इंचांवर जाणार नाही, २८ ते २८.५ वर अडला तरी ते पूर्ण आहे. अर्ध्या तासात काटा परत आला, तर गळती राहिलीय किंवा आत पाणी आहे.

गॅस वजनानेच भरा. आर-१२ च्या मापाच्या ८० ते ८५ टक्के, म्हणजे बॉनेटच्या पट्टीवर ९०० ग्रॅम असेल तर ७२० ते ७६५. ड्रायरच्या काचेतले बुडबुडे जाईपर्यंत भरत राहिलात तर १३४ए हमखास जास्त होतो. इंजिन चालू असताना डबा उभा ठेवून लो (कमी दाबाच्या) बाजूनेच वाफ सोडा. उलटा धरला तर द्रव कॉम्प्रेसरमध्ये शिरून व्हॉल्व्ह तुटतात. हाय (जास्त दाबाच्या) बाजूचा नळ चालू इंजिनावर उघडला तर उलटा दाब येऊन डबा फुटतो. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे असू द्या. आणि स्वयंपाकाचा गॅस एसीत घालणाऱ्याला गाडी देऊच नका.

१५०० आरपीएमवर, ४० अंशांत, लो ३० ते ४५ आणि हाय २३० ते २६० पीएसआय ठीक. दोन्ही कमी, तर गॅस कमी. दोन्ही जास्त, तर गॅस जास्त, आत हवा, किंवा कंडेन्सरला झोत नाही. लो जास्त आणि हाय कमी, दोन्ही काटे एकमेकांजवळ, तर कॉम्प्रेसरचे व्हॉल्व्ह गेले. लो व्हॅक्यूममध्ये जाऊन, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा नीट चाललं, तर आत ओलावा गोठतोय: ड्रायर बदला, पुन्हा व्हॅक्यूम करा. एक्स्पान्शन व्हॉल्व्हचा तापमान जाणणारा बल्ब कूलिंग कॉइलच्या बाहेर जाणाऱ्या नळीला घट्ट आवळून वर इन्सुलेशन टेप गुंडाळलीय का, तेही पाहा. सैल बल्बमुळे रीडिंग चक्रावून टाकतात.

विजेची बाजू शेवटची, पण फसवणारी. कॉम्प्रेसरचा क्लच (त्याला इंजिनाच्या पट्ट्याशी जोडणारा) सुमारे ४ अँपिअर, ब्लोअर आणि पंखा मिळून आणखी वीसेक घेतात, आणि जुन्या डायनॅमोला ते झेपत नाही. पंख्याला वेगळा रिले आणि फ्यूज द्या. क्लचच्या टोकाला ११ व्होल्टपेक्षा कमी आले तर तो घसरतो आणि जळतो. क्लचची फट ०.४ ते ०.८ मिलिमीटर असावी.

काम झालं की बॉनेटखाली नवी पट्टी चिकटवा: आर-१३४ए, किती ग्रॅम, कोणतं तेल, किती मिली, तारीख. आणि थंडीतही आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालवा, नाहीतर शाफ्ट सील कोरडं पडून मार्चमध्ये पुन्हा काळा थर दिसेल.