पावसाबद्दलच्या मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देताना या चुका टाळा

जूनचा दुसरा आठवडा उजाडला आणि येऊरच्या डोंगरांवर ढग टेकू लागले की ठाण्यातल्या आमच्या घरात छत्र्यांच्या आधी प्रश्न बाहेर पडतात. माझी नात पाच वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यात तिला उत्तरे देताना मी बऱ्याच चुका केल्या, आणि त्यांतल्या बहुतेक माहिती नसल्यामुळे झाल्या नव्हत्या. माहिती होती, पण ती सांगण्यासाठी जे शब्द मी सहज वापरले, त्यांचा तिने मनात उभा केलेला अर्थ भलताच होता.

समुद्राखाली गॅस

“आजी, पाऊस कुठून येतो?” या प्रश्नाला मी पाठ असल्यासारखे उत्तर दिले, की समुद्राच्या पाण्याची वाफ होते, ती वर जाते, तिचे ढग होतात आणि मग पाऊस पडतो. ती थोडा वेळ कुकरकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “पण समुद्राखाली गॅस कोणी लावला?”

चूक “वाफ” या शब्दाची होती. कुकरच्या शिट्टीतून फुसफुसत येणाऱ्या गोष्टीला आपण वाफ म्हणतो आणि पाण्यावरून गुपचूप हवेत मिसळणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीलाही वाफच म्हणतो. पाठ्यपुस्तकात त्यासाठी “बाष्प” हा शब्द असतो, पण पाच वर्षांच्या मुलाला त्याचा काही उपयोग नाही. या वयात “पाणी हवेत मिसळते” एवढेच म्हणावे आणि लगेच घरातले उदाहरण दाखवावे. लादी पुसल्यावर ओल्या फरशीवर मुलाला पाऊल उमटवू द्यावे आणि पंख्याखाली ते कसे नाहीसे होते ते शेजारी बसून पाहावे. गॅस नाही, उकळी नाही, तरी पाणी गेले. जुलैत दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस दमट का राहतात, हेही इथेच सांगता येते: हवेत आधीच इतके पाणी मिसळलेले असते की कपड्यांतले पाणी जायला फार वेळ लागतो.

यानंतर हमखास येणारा प्रश्न असा, की समुद्र खारट आहे तर पाऊस खारट का नाही. त्याचे उत्तर आपल्या खाडीकाठी आहे. लोकलमधून मुलुंड-भांडुपच्या बाजूला जाताना मिठागरांची जमीन दाखवावी आणि सांगावे, की खाऱ्या पाण्यातले पाणी हवेत जाते आणि मीठ खाली उरते, म्हणून तर मीठ गोळा करता येते. थोड्या मोठ्या मुलाला पुढची गंमतही सांगावी: लाटा फुटताना मिठाचे अतिसूक्ष्म कण हवेत उडतात आणि ढगातले थेंब अशाच मिठाच्या किंवा धुळीच्या कणांभोवती धरतात.

आकाशाला झाकण

पातेल्यातल्या पाण्याला उकळी आणून झाकणाखाली जमलेले थेंब दाखवणे, हा सर्वांचा आवडता प्रयोग आहे. मला तो आता आवडत नाही. एक तर त्यात पुन्हा गॅस आला, आणि दुसरे म्हणजे नातीने तो पाहून आकाशाला झाकण असते असा निष्कर्ष काढला, जो त्या प्रयोगावरून अगदी रास्त होता.

त्याऐवजी काचेच्या पेल्यात बर्फ घालून ठेवावा. आपल्या दमट हवेत दोन-चार मिनिटांत पेल्याच्या बाहेरून थेंब धरू लागतात. इथेही एक खड्डा आहे. मूल म्हणते, “पेला गळतोय,” आणि आपण “नाही रे, ते हवेतले पाणी आहे” असे सांगून मोकळे होतो. त्याला ते पटलेले नसते, ते फक्त गप्प बसते. त्यासाठी पेल्यात साध्या पाण्याऐवजी कोकम सरबत भरावे. आतले सरबत लालभडक आणि बाहेरचे थेंब मात्र पाण्यासारखे स्वच्छ. नातीने बोटाने एक थेंब पुसून चाखून पाहिला, मग दुसरा चाखला, आणि पेला गळत नाही हे तिचे तिनेच जाहीर केले. हा प्रयोग एसी चालू असलेल्या खोलीत केला तर थेंब उशिरा आणि कमी धरतात, कारण तिथली हवा कोरडी झालेली असते. फसला असे वाटले, तर पेला गॅलरीत न्यावा.

अडवणे आणि फुटणे

“सह्याद्री ढग अडवतो” हे वाक्य आपण सर्वांनी उत्तरपत्रिकेत लिहिले आहे. मुलाच्या डोळ्यांसमोर मात्र त्याने भिंतीवर आपटलेला कापसाचा गठ्ठा येतो. प्रत्यक्षात समुद्रावरून आलेली दमट हवा डोंगर चढते, वर जाता जाता पसरते आणि थंड होते, आणि तिच्यातले पाणी थेंबांच्या रूपाने दिसू लागते. म्हणजे कित्येकदा ढग डोंगरावर येऊन अडत नाही, तर तिथेच तयार होतो. “हवा डोंगर चढली, तिला गार लागले, आणि तिच्यातले पाणी दिसायला लागले” हे पाच वर्षांच्या मुलालाही कळते. माळशेज घाटात धुक्यात उभे राहून, आपण आत्ता ढगाच्या पोटात आहोत असे सांगितले आणि चष्म्यावर जमलेले बारीक पाणी दाखवले, तर ढग म्हणजे कापूस किंवा पिशवी ही कल्पना तिथेच गळून पडते.

पिशवीची कल्पना पक्की करतो तो “ढगफुटी” हा शब्द. ढगात फुटण्यासारखे काही नसते. साधारण 20 ते 30 चौरस किलोमीटरच्या भागात एका तासात 100 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तर हवामानशास्त्रात त्याला ढगफुटी म्हणतात, इतकेच. मग ढग एरवी खाली का पडत नाही? ढगातला एक थेंब जेमतेम 0.02 मिलिमीटरचा असतो, आणि हवेचा वर जाणारा हलका प्रवाहही त्याला तरंगत ठेवतो. असे सुमारे दहा लाख थेंब एकत्र आले की पावसाचा एक बऱ्यापैकी टपोरा थेंब होतो, आणि त्याला मात्र हवा पेलू शकत नाही. दहा लाख ही संख्या मुलाला कळणार नाही. मी “खूप खूप थेंब हात धरून एक झाले” असे म्हणाले, आणि ते चालले.

“का” म्हणजे नक्की काय?

“पाऊस का पडतो?” या प्रश्नातला “का” फसवा आहे. त्याचा अर्थ “कसा” असू शकतो आणि “कशासाठी”ही. मानसशास्त्रज्ञ ज्यां पियाजे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुलांशी ढग, सूर्य, वारा यांविषयी बोलून नोंदवले होते, की लहान मुले निसर्गातल्या गोष्टींनाही हेतू जोडतात. आपण मोठी माणसे त्यात भर घालतो. शेतकऱ्याला पाणी मिळावे म्हणून पाऊस पडतो, असे मी एकदा सांगितले, तेव्हा लगेच विचारणा झाली, “मग आपल्या सोसायटीत का पडतो? इथे तर फक्त पार्किंग आहे.” पावसाचा उपयोग जरूर सांगावा, पण तो पावसाचे कारण म्हणून सांगू नये.

गडगडाटाबाबत म्हातारी हरभरे भरडते आहे ही गोष्ट मी आजही सांगते, आणि ऊन-पावसात कोल्ह्याचे लग्नही लावते. गोष्ट गोष्ट म्हणून सांगितली तर मुलांना फरक बरोबर कळतो. खरी चूक “ढगावर ढग आपटतात” हे विज्ञान म्हणून सांगण्याची आहे. विजेमुळे तिच्या वाटेवरची हवा क्षणात प्रचंड तापून एकदम फुलते, त्याचा तो आवाज असतो. घाबरलेल्या मुलाला स्पष्टीकरणापेक्षा मोजणी जास्त कामाला येते: वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजायचे, दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तिसापर्यंत पोहोचण्याआधीच आवाज आला, तर मैदानावरून घरात यायचे, हा नियमही याच खेळात बसतो. “वीज धरून नेईल” ही धमकी मात्र कधीही देऊ नये. ती पुढची कित्येक वर्षे पुरते.

काही प्रश्न पावसाबद्दल नसतातच. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि आमच्या पिढीला ती रात्र पुन्हा पुन्हा सांगायला आवडते. असेच एकदा ते सांगून झाल्यावर नातीने विचारले, “ढगात किती पाणी मावते?” मी उत्साहाने आकडे सांगू लागले. तिला विचारायचे होते ते एवढेच, की पाणी आपल्या घरात येईल का. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, हे सांगितल्यावर ती झोपली.

नळ कोरडा, रस्ता ओला

नेरूळला माझ्या भाचीकडे पाणीकपात चालू असताना तिच्या मुलाने विचारले, की बाहेर एवढा पाऊस पडतो तरी नळाला पाणी का नाही. “पाणी वाया जाते” हे उत्तर अर्धवट आहे. नवी मुंबईला मुख्यत्वे मोरबे धरणाचे पाणी मिळते; नेरूळमध्ये पडलेला पाऊस गटारातून खाडीत जातो, नळापर्यंत पोहोचायचे तर तो धरणाच्या परिसरात पडावा लागतो. रस्त्यावर पाणी का तुंबते, यालाही खाडीचाच संदर्भ द्यावा. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी चढलेले असते, त्यामुळे शहरातले पाणी बाहेर जाऊ शकत नाही. नवी मुंबईत त्यासाठी धारण तलाव, म्हणजे ओहोटी येईपर्यंत पावसाचे पाणी साठवून धरणारे तलाव, ठेवलेले आहेत, ते फिरायला गेल्यावर दाखवता येतात.

शेवटी पर्जन्यमापकाबद्दल, कारण तो करताना आम्ही दोनदा फसलो. कोल्ड्रिंकची बाटली कापून केलेले माप चुकते, कारण तिचा तळ उंचसखल असतो. सपाट तळाची, सरळ उभी बरणी घ्यावी. ती खिडकीच्या बॉक्स ग्रिलमध्ये ठेवू नये, कारण इमारतीची भिंत निम्मा पाऊस अडवते. गच्चीवर मोकळ्या जागी ठेवावी. हवामान खाते सकाळी साडेआठला नोंद घेते, म्हणून आपणही त्याच वेळी पट्टी लावावी. पट्टीवरचा एक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी, त्यामुळे 50 मिलिमीटर पाऊस झाला, की 100 चौरस मीटरच्या गच्चीवर पाच हजार लिटर पाणी पडलेले असते. आमचा आकडा वर्तमानपत्रातल्या आकड्याशी बहुधा जुळत नाही. वर्तमानपत्रवाल्यांनी बरणी ग्रिलमध्ये ठेवली असेल, असे नातीचे मत आहे. ठाण्याचा पाऊस आणि कुलाब्याचा पाऊस वेगळा असतो, हे यंदा तिला सांगायचे राहिले आहे.