छोट्या तेल कंपनीचे निवेदन कसे वाचावे

जळगाव-भुसावळात बसून छोट्या तेल-वायू कंपनीचे शेअर घेणाऱ्याने ‘तेल सापडले’ या मथळ्यावर न थांबता शेअर बाजाराला दिलेले मूळ निवेदन उघडावे आणि विहीर नेमकी कोणत्या टप्प्यावर आहे, ते पाहावे. रावेर-यावलच्या गाळाच्या पट्ट्यात ट्यूबवेलला आधीच छिद्रे पाडलेला पाइप उतरवतात; तेलविहिरीत मात्र सहसा अखंड पोलादी केसिंग (विहिरीची भिंत धरणारा पाइप) बसवून, त्याभोवती सिमेंट भरून, मग स्फोटक चार्ज लावलेली ‘गन’ खाली सोडतात आणि तिचे झोत केसिंग व सिमेंट भेदून खडकात शिरतात. हेच परफोरेशन, विहिरीचा एक टप्पा. विहिरीतला दाब तेलाच्या थरातल्या दाबापेक्षा कमी ठेवून छिद्रे पाडली, तर आतला चुरा बाहेर वाहून येण्यास मदत होते. पण थर मुळातच घट्ट, म्हणजे तेल सहज वाहू न देणारा, असेल तर नुसत्या नव्या गनने प्रवाह फारसा वाढत नाही.

म्हणून किती मीटर थर भेदला यापेक्षा, त्यानंतरच्या चाचणीत किती तास, कोणत्या मापाच्या चोकवर (प्रवाह आवरणाऱ्या अरुंद तोंडावर), किती बॅरल तेल आणि किती पाणी आले, हे शोधावे. चोकचा उल्लेख नसलेला आकडा मी तरी हिशेबात धरत नाही. पुढच्या विहिरीचा पैसा कुठून येणार, हेही तिमाही निकालात तपासावे. त्यासाठी इतरांना नवे शेअर दिले, तर आपला हिस्सा घटतो.