लग्नाच्या बजेटमधल्या या चुका टाळा (अकरा लग्नांच्या वहीतून)

आमच्याकडे कुणाचं लग्न ठरलं की सुपारी फुटायच्या आधी मला फोन येतो, आत्या वही घेऊन ये. मी काही वेडिंग प्लॅनर वगैरे नाही, पतसंस्थेत सव्वीस वर्षं कॅशवर बसले एवढंच, पण भाचे, पुतणे, चुलत भावंडं धरून अकरा लग्नांचा हिशोब माझ्या हाताखालून गेलाय. प्रत्येक वेळी माणसं वेगळी, गाव वेगळं आणि चुका त्याच. आता सांगून सांगून तोंड दुखलं म्हणून लिहून टाकते, पुढच्या वेळी नुसतं फॉरवर्ड करेन.

हल्लीची मुलं काय करतात, तर मोबाईलवर एक तयार एक्सेल शीट उतरवतात, त्यात कार्यालय, केटरिंग, फोटो, मेकअप असे रकाने असतात, प्रत्येकात मनाने एक आकडा टाकतात, खाली टोटल येते आणि झालं बजेट. अरे पण माणसं किती? तर म्हणे ते नंतर बघू. लग्नात पान, नाश्ता, आहेर, बस, खोल्या, गाद्या, पाण्याच्या बाटल्यासुद्धा डोक्यावर चालतात. डोकी ठरली नाहीत तोवर वरचे सगळे आकडे म्हणजे पंचांग न बघता काढलेला मुहूर्त.

माणसं न मोजता पानं सांगणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे हिच्यावर जरा जास्त बोलणार आहे.

पुतणीचं लग्न होतं, मे महिना, दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा मुहूर्त. दादाने केटररला ५०० पानांची गॅरंटी दिली, पान ४२० रुपये. मी म्हटलं दादा ४०० सांग, वरची लागली तर त्याच रेटने देईल असं लिहून घे. तर मला म्हणाला, तुला काय कळतंय, अन्न कमी पडलं तर व्याह्यांपुढे तोंड दाखवायला जागा राहणार नाही. ही जी भीती आहे ना, हिच्यावर सगळा धंदा चालतो. आणि त्या दिवशी तिथी एवढी दाट की आमच्याच भावकीत आणखी दोन लग्नं होती. लोक आले, मंगलाष्टकं होईपर्यंत घड्याळ बघत थांबले, अक्षता टाकल्या, स्टेजवर पाकीट दिलं आणि 'जेवण तिकडे करतो हां, राग मानू नका' म्हणत पुढच्या कार्यालयात गेले. शेवटी जेवली किती, तर ३४८ पानं. उरलेल्या १५२ पानांचे ६३,८४० रुपये आम्ही न जेवलेल्या लोकांसाठी भरले. संध्याकाळी मी आणि वहिनी गार झालेल्या जिलब्या पिशव्यांमध्ये भरून गल्लीत वाटत होतो आणि मठ्ठ्याचं अर्ध पिंप तसंच होतं. गंमत म्हणजे याच दादाने दोन दिवस आधी हार ८०० रुपयांनी महाग आहेत म्हणून हारवाल्याशी अर्धा तास घासाघीस केलेली.

मी कशी मोजते ते सांगते, शास्त्र काही नाही, सवय आहे. यादीचे चार भाग करते. मुक्कामाला येणारे, ते पूर्ण धरायचे, त्यांची दोन्ही वेळची जेवणं आणि सकाळचा चहा-पोहे पण धरायचे. नक्की येणारे, त्यांतले दहात एक गळतो. 'बघू' म्हणणारे निम्मे. आणि रीतीची आमंत्रणं, म्हणजे ऑफिस, सोसायटी, पूर्वीचे शेजारी, ती तीनात एक. पत्रिकेवर सहकुटुंब लिहिलं म्हणून चार माणसं धरू नका, परीक्षा असतील तर दोन येतात आणि सुट्ट्या असतील तर सहा. मग आठ दिवस आधी फोन. व्हॉट्सअॅपवर पत्रिका टाकून निळी टिक बघून माणूस मोजणाऱ्यांना माझा नमस्कार. आणि वेगळी ओळ काढून कामाची माणसं लिहायची: फोटोवाले, बँडवाले, ड्रायव्हर, मेकअपवाली आणि तिची असिस्टंट, गुरुजी. ही तीस-चाळीस पानं कुणाच्याच यादीत नसतात आणि बिलात मात्र असतात.

मोजणीचंही तसंच. बुफे असेल तर केटरर ताटं मोजतो, माणसं नाही. एकाच माणसाने गोड खायला दुसरं ताट उचललं की दोन पानं झाली. जेवण सुरू होण्याआधी किती ताटं मांडली आणि शेवटी किती कोरी उरली हे आपल्या माणसाने त्यांच्या माणसासोबत उभं राहून मोजायचं, तिथल्या तिथे चिठ्ठीवर लिहून दोघांची सही. या कामाला मी घरातला एक पुतण्या बसवते ज्याला नाचता येत नाही. गोडासाठी वेगळ्या वाट्या ठेवायला सांगा, निम्मं भांडण तिथेच संपतं.

'आमची काही अपेक्षा नाही' हे वाक्य

लग्नाच्या बोलणीतलं सगळ्यात महाग वाक्य हेच. हुंडा मागणाऱ्यांचं मी बोलत नाहीये, १९६१ पासून तो गुन्हा आहे आणि तिथे बजेट नाही, बैठकच मोडायची. मी बोलतेय ते सज्जन लोकांबद्दल. चुलत बहिणीच्या वेळी व्याही खरंच भले होते, चहा पिऊन म्हणाले आम्हाला काही नको, फक्त लग्न चांगलं लावून द्या. आमच्या काकांना इतकं भरून आलं की त्यांनी याद्याच केल्या नाहीत. आता 'चांगलं' म्हणजे काय हे आठ दिवस आधी एकेका फोनमधून कळायला लागलं. आमच्यात विहिणीसोबत जवळच्या बायकांना पण साड्या असतात (किती? एकवीस). आमची मंडळी आदल्या संध्याकाळीच येणार आहेत (किती? एकशे दहा). बस तुमच्याकडूनच ना? यातलं एकही मागणं वाईट मनाने केलेलं नव्हतं, त्यांच्याकडची रीतच तशी, पण ऐनवेळी साड्या घ्यायच्या म्हणजे दुकानदार म्हणेल तो भाव, आणि एकशे दहा माणसांचं रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता, झोपायच्या गाद्या, सगळं यादीबाहेरचं. काकांनी एफडी मोडली. व्याह्यांना अजूनही माहीत नाही.

पूर्वीची माणसं याद्यांची बैठक घ्यायची ती काय हौस म्हणून नाही. हळद कुणाची, कार्यालय कुणाचं, दागिने कुणी काय घालायचे, मानपान किती जणांचा, गुरुजी कुणाचे, सगळं कागदावर आणि दोन्हीकडच्या सह्या. लाज वाटते ना? एकदाच वाटते. मी तर बैठकीतच विचारते, तुमच्याकडची किती माणसं मुक्कामाला, आणि वही उघडून पेन धरून बसते, समोरच्याला आकडा सांगावाच लागतो. आणि पश्चिम महाराष्ट्रात खेड्यापाड्यात 'यादी पे शादी' चालतं, म्हणजे याद्या करायला जमलेल्या मंडळींतच मुहूर्त बघून त्याच दिवशी लग्न उरकून टाकायचं, त्याला शहरातली माणसं हसतात पण त्यातलं एक जोडपं कर्जात बघितलं नाही मी.

पाकीट कुणाकडे?

बाबांनी कार्यालयाला दिले, मुलाने डेकोरेशनला जीपे केले, मामाने हौसेने आइस्क्रीम वाढवलं, आणि शेवटी कुणालाच माहीत नाही किती गेले. पैसे एकानेच द्यायचे, बाकीच्यांनी त्याच्याकडे मागायचे. माझ्या लांब वहीत तीनच रकाने असतात, ठरले, दिले, बाकी. आणि एकूण रकमेच्या दहा टक्के 'हातचा' म्हणून मी बाजूला ठेवते, तो कुणाला सांगत नाही, नवऱ्यामुलाला तर अजिबात नाही, कारण कळलं की त्याचा ड्रोन होतो.

कार्यालय

भाडं विचारून येणारे लोक बघितले की मला हसू येतं. भाड्यावर १८ टक्के जीएसटी आहे का आत धरलाय, लाईट मीटरप्रमाणे का, जनरेटरचं डिझेल कुणाचं, बाहेरचा केटरर किंवा डेकोरेशनवाला आणला तर रॉयल्टी किती, खोल्या किती, ताबा आदल्या संध्याकाळी मिळणार की सकाळी सातला, हे सगळं विचारा. ताबा घेताना आणि सोडताना मीटरचा फोटो काढा. दोन मिनिटांचं काम आहे.

तारीख

तुळशीचं लग्न लागलं की सगळ्या गावाला एकदमच घाई होते. तिथी दाट तेव्हा कार्यालय, आचारी, बँड कुणीच एक रुपया कमी करत नाही आणि का करावा. काढीव मुहूर्त चालत असेल, मधला वार चालत असेल, तर आधी तारीख मोकळी ठेवून रेट विचारा. उलटं करू नका. आणि ज्यांना रजिस्टर लग्न करून पैसे वाचवायचेत, उत्तम विचार आहे, पण स्पेशल मॅरेज अॅक्टखाली ३० दिवसांची नोटीस लागते, पुढच्या आठवड्यात उरकू म्हणून निघू नका. दर वर्षी एक तरी घाईचा बाळ्या मला हे विचारतो.

सोनं

सगळे भाव बघतात, घडणावळ कुणी बघत नाही. ५ तोळ्यांवर १२ टक्के आणि १८ टक्के घडणावळीतला फरक म्हणजे ३ ग्रॅम सोनं, घडणावळीतच गेलेलं, ते तुमच्या गळ्यातसुद्धा येत नाही. खड्यांचं वजन वजा करूनच सोन्याचं वजन लावायला सांगा. हॉलमार्कच्या प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक असतो, तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाकून बघा, दुकानातच, लाजायचं काय त्यात. एकूण बिलावर ३ टक्के जीएसटी आणि २ लाखांच्या वर खरेदी गेली तर पॅन, हे बजेटमध्ये आणि पाकिटात दोन्हीकडे ठेवा. 'बिल नको, स्वस्तात देतो' म्हणणाऱ्याकडून उठून या.

बाकीच्या पटकन

बस्त्याला पंधरा माणसं नेऊ नका, चार पुरे, पंधरा गेली की प्रत्येकीला एक साडी होते.

डीजेचे पैसे मध्यरात्रीपर्यंतचे ठरवू नका, रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर लावता येत नाही, मग वरात अर्ध्यात बंद आणि पैसे पूर्ण.

रोखीचा फार नाद नको. एकाच कार्यासाठी एकाच माणसाकडून २ लाख किंवा जास्त रोख घेणाऱ्याला दंड आहे, त्यामुळे केटरर चेक मागतो तेव्हा तो आडमुठेपणा करत नसतो.

पर्सनल लोन काढून प्री-वेडिंग शूट करणाऱ्यांना मी काही सांगत नाही. हप्ता सांगेल.

आहेराची पाकिटं जमेला धरून केटररचं शेवटचं बिल द्यायचं ठरवू नका. आहेर म्हणजे हातउसनं असतं, त्यांच्या मुलीच्या लग्नात तेवढंच पाकीट तुम्हाला करायचंय. म्हणून नाव आणि रक्कम त्याच रात्री लिहून काढा, सकाळपर्यंत कुठलं पाकीट कुणाचं हे देवालाही सांगता येत नाही.

आणि भांडी. कार्यालय भांड्यांची यादी देतं, ती घेताना मोजायची, परत देताना मोजायची. धाकट्या भाच्याच्या लग्नात रात्री साडेअकराला सगळे पेंगत होते, मॅनेजर म्हणाला दोन पातेली आणि एक मोठा झारा कमी आहे, मी त्याच्याशी एवढी भांडले, सकाळी आम्ही पूर्ण मोजून घेतली नव्हती हे मला आतून माहीत असूनही भांडले, शेवटी डिपॉझिटमधून १,८०० कापून घेतले. चार दिवसांनी वहिनीने रुखवताची पेटी उघडली. वर लोकरीचं तोरण, त्याखाली दोन पातेली, आणि झारा अनारशांच्या डब्याला टेकून उभा. परत द्यायला मीच गेले. मॅनेजरने यादी काढली, बरोबरच्या दोन खुणा केल्या, १,८०० रुपये मोजून हातात ठेवले आणि म्हणाला, मावशी, त्या दिवशी तुमच्या वहीत हे लिहिलं नव्हतं का?