सोयाबीन निघालं, आता रोटर जरा थांबवा

निपाणी, चिकोडी, हुक्केरी भागात सोयाबीनच्या मळण्या उरकत आल्यात. घात, म्हणजे पेरणीजोगी ओल, आली की हरभऱ्याची घाई सुरू होते आणि रान भुसभुशीत दिसावं म्हणून दोन-दोन वेळा रोटर (रोटाव्हेटर, ट्रॅक्टरमागं फिरत्या पात्यांनी माती बारीक करणारं अवजार) फिरतो. यंदा ट्रॅक्टर सांगण्याआधी एवढं बघा.

बांधाकडेला, जिथं अवजार पोचत नाही, तिथलं एक ढेकूळ खोऱ्यानं काढा. दुसरं रानाच्या मधलं घ्या. बांधाकडचं फोडलं की गांडुळांची भोकं दिसतात, कुजत्या काडीला पांढरे धागे दिसतात, पहिल्या पावसाचा वास येतो. तो वास ॲक्टिनोमायसिटीस नावाच्या जिवाणूंचा. दोन्ही ढेकळं वाळवून पाण्याच्या ग्लासात सोडा. रोटरखालचं बहुधा आधी विरघळतं. बांधाकडच्या मातीचे कण बुरशीच्या धाग्यांनी आणि चिकट स्रावांनी बांधलेले असतात, म्हणून ते आकार धरून राहतं.

रोटरची पाती हे धागे तोडतात. मुळांना लांबचं स्फुरद आणून देणारी मायकोरायझा बुरशी डोळ्यांना दिसत नाही, पण तिचं जाळंही तुटतं आणि पुन्हा विणायला वेळ लागतो. जिवाणू मात्र हवा मिळताच उसळतात, सेंद्रिय कर्ब भराभर खातात. त्यातून सुटलेल्या नत्रानं पीक काही दिवस हिरवंगार दिसतं आणि आपल्याला वाटतं, रोटर मानवला. मला याचीच सगळ्यात काळजी वाटते, कारण ती हिरवळ जमिनीच्या ठेवीतून आलेली असते. शिवाय दरवर्षी त्याच खोलीवर पाती फिरून चार-पाच इंचांखाली तळ घट्ट होतो, मुळं आडवी वळतात.

म्हणून सोयाबीन अजून उभं असेल तर उपटू नका, कापा. मुळं रानातच कुजू द्या. भुसकट पेटवू नका. तण थोडं असेल तर कुळवाची एक पाळी आणि कुरीनं पेरणी पुरते. ओल चांगली असेल तर सरळ टोकण करा, म्हणजे बी टोचून लावा. हरभऱ्याच्या बियाण्याला बुरशीनाशक लावणार असाल तर ते आधी, मग १० किलोला २५० ग्रॅम रायझोबियम हे जिवाणू खत. सावलीत सुकवून लगेच पेरा.

उसाचं पाचटही जाळू नका. सरीत दाबून टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाका, वर पाणी द्या.

हुमणीनं, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीनं, खाल्लेल्या उसाचं रान मात्र याला अपवाद. तिथं खोडवा (तोडलेल्या बुडख्यातून फुटणारं पुढचं पीक) ठेवू नका, ऊस तुटताच खोल नांगरा. नांगरामागं बगळे, कावळे अळ्या टिपतील, उरलेल्या हातानं वेचा.