जाड अंथरूण-पांघरूण धुवायचंय? आधी वाळवायची जागा ठरवा

मुंबईत गोधडी किंवा ब्लँकेट धुणं फारसं अवघड नाही. खरा प्रश्न ते वाळवण्याचा असतो. पाणी आलं, साबण घातला, तासाभरात मळ निघाला. पण त्यानंतर ते ओलं धूड दोन दिवस ठेवायचं कुठे, याचा विचार बहुतेक घरांत धुणं झाल्यावर सुरू होतो. मग ते खिडकीच्या ग्रिलवर लोंबतं, आतून ओलं राहतं, तिसऱ्या दिवशी कुबट वास मारायला लागतं आणि पुन्हा धुवावं लागतं. म्हणून या कामाची सुरुवात उलट्या टोकाने करावी. आधी जागा, मग दिवस, शेवटी साबण.

दिवस कोणता निवडाल?

घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं अंथरूण धुवून काढायची आपली जुनी पद्धत आहे. गावाकडे नदीचा काठ आणि मोकळं ऊन असतं, तिथे ते जमून जातं. मुंबईत पाऊस परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबरच्या आसपासची आहे. अधिक महिन्याचं वर्ष असलं तर नवरात्र ऑक्टोबरात सरकतं आणि ऊन मिळतं. एरवी ते सप्टेंबरात आलं तर सकाळी लख्ख ऊन आणि दुपारी सर, असा खेळ चालू असतो. अशा वर्षी चादरी, अभ्रे, पडदे घटस्थापनेआधी धुवा आणि गोधड्या-रजया ऑक्टोबरच्या उन्हासाठी राखून ठेवा. देवीला स्वच्छ घर हवं, ओली गोधडी नको, असं मला मनापासून वाटतं.

ऑक्टोबरचा उकाडा माणसांना नकोसा होतो, पण जाड कपड्याला तोच हवा. डिसेंबर ते फेब्रुवारीचे दिवसही उत्तम असतात. ऊन थोडं मवाळ असलं तरी उत्तरेकडून वारे येतात तेव्हा हवा कोरडी असते आणि कपडा वाळायला कोरडी हवा उन्हाइतकीच उपयोगी पडते. जून ते सप्टेंबर मात्र जाड पांघरुणाला पाणी लावूच नका. फारच गरज पडली तर ड्रायर असलेल्या लॉन्ड्रीत द्या.

काय धुवायचं, काय धुवायचं नाही

कापसाची गादी कधीही भिजवू नये. डाग पडला असेल तर तेवढाच भाग ओल्या फडक्याने पुसून घ्या, दोन्ही बाजूंनी ऊन दाखवा. कापूस दडपला, गोळे झाले की पिंजाऱ्याकडून पिंजून घ्या. सुटा कापूस भरलेली जाड रजई आणि सावरीच्या उशा यांचंही तेच. पाण्यात कापसाचे लगदे होतात आणि ते पुन्हा मोकळे होत नाहीत. यांची खोळ आणि अभ्रे तेवढे धुवा.

घोंगडी आणि लोकरीचं ब्लँकेट झटकून, वाऱ्यावर टाकूनच बरंचसं स्वच्छ होतं. धुवायचंच झालं तर गार पाणी, लोकरीसाठीचा सौम्य साबण, अजिबात घासायचं नाही आणि सावलीत आडवं पसरून वाळवायचं. गरम पाणी आणि रगडणं यामुळे लोकर आटते आणि घट्ट होते.

सोलापुरी चादर चिवट असते, तिला जपावं लागत नाही. फक्त नवी असताना रंग सुटू शकतो म्हणून पहिल्या काही वेळा वेगळी धुवा. पॉलिएस्टर भरलेला कम्फर्टर आणि मऊ केसाळ मिंक ब्लँकेट साध्या किंवा किंचित कोमट पाण्यात धुता येतात, पण त्यांना कडक गरम पाणी आणि इस्त्री सोसत नाही.

गोधडीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तिच्यात आजी-आईच्या साड्या असतात आणि ती बाजारात पुन्हा मिळत नाही. धुण्याआधी उजेडात पसरून सगळा धावदोरा बघून घ्या. टाका उसवला असेल तर आधी घाला. पाण्याच्या वजनाने छोटी उसवण हातभर होते आणि आतले थर सरकून एका कोपऱ्यात गोळा होतात. मग पांढरं फडकं ओलं करून प्रत्येक रंगावर दाबून बघा. फडक्यावर रंग उतरला तर ती गोधडी गार पाण्यात, एकटीच आणि झटपट धुवायची, भिजत ठेवायची नाही.

मशीन की हात?

मशीनवर सहा-सात किलो लिहिलेलं असतं ते कोरड्या साध्या कपड्यांचं वजन. ब्लँकेटसाठीची मर्यादा बहुधा त्याहून बरीच कमी असते आणि ती मशीनच्या पुस्तिकेत दिलेली असते. सोपी परीक्षा अशी: कोरडं पांघरूण सैलसर ड्रममध्ये ठेवा. दाबल्याशिवाय मावत असेल आणि वर वीतभर जागा राहत असेल तरच धुवा. कोंबून घातलं तर आतपर्यंत पाणी पोचत नाही, साबण निघत नाही आणि पिळताना मशीन एका बाजूला झुकून धडधडतं. तसं झालं की लगेच बंद करा, ड्रम पूर्ण थांबू द्या, मग हात घालून पांघरूण गोल, सारखं पसरा. फिरत्या ड्रममध्ये हात घालायचा नाही.

गादीवरचं वॉटरप्रूफ आवरण मशीनमध्ये पिळायला टाकू नका. त्यातून पाणी बाहेर पडत नाही, आतच पिशवीसारखं साठतं आणि वेगात ड्रमचा तोल इतका जातो की मशीन मोडू शकतं. ते हाताने धुऊन निथळत ठेवावं.

हाताने धुताना पाण्याची वेळ बघून दोन टब किंवा मोठ्या बादल्या आधीच भरून ठेवा, कारण साबणापेक्षा विसळायला जास्त पाणी लागतं. साबण नेहमीच्या निम्मा घ्या आणि तो पाण्यात पूर्ण विरघळल्यावरच कपडा बुडवा. अर्धा तास भिजणं पुरे. रात्रभर ठेवलं तर रंग सुटतो आणि वास धरतो. लहान मुलांच्या किंवा आजारी माणसाच्या अंथरुणावर रक्ताचे, शी-शूचे डाग असतील तर ते आधी गार पाण्याने काढा. गरम पाणी आधी पडलं की असा डाग पक्का बसतो.

पायाने तुडवून धुण्याची पद्धत चांगली आहे, मळ छान निघतो. मात्र गुळगुळीत टाइल्सवर साबणाच्या फेसात उभं राहणं धोक्याचं असतं. खाली रबरी मॅट टाका, एक हात नळावर नव्हे तर भिंतीवर ठेवा आणि हे काम गरोदर बाईने किंवा घरातल्या वयस्कर माणसाने करू नये. आजी कितीही म्हणाल्या की मला सवय आहे, तरी.

एक गोष्ट अगदी ठामपणे सांगायची आहे. डाग जात नाही म्हणून ब्लीचमध्ये संडास साफ करायचं अ‍ॅसिड, व्हिनेगर किंवा आणखी कुठलं क्लीनर मिसळू नका. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो. आपल्या छोट्या, बंद बाथरूममध्ये तो काही क्षणांत श्वास कोंडतो.

फेस येणं पूर्ण थांबेपर्यंत, साधारण तीन पाण्यांतून, विसळा. राहिलेला साबण अंगाला खाज आणतो आणि कपड्यात ओल धरून ठेवतो.

ओलं पांघरूण उचलताना

पाठ धरते ती इथे. दोन किलोची गोधडी पाणी पिऊन सहज सहा-सात किलोंची होते, मोठं मिंक ब्लँकेट त्याहून जड. वाकून, झटक्यात टबातून उचलू नका. टब कलंडून पाणी जाऊ द्या, पांघरुणाची सैल गुंडाळी करून ती उलट्या घातलेल्या मजबूत बादलीवर किंवा पाटावर तासभर निथळत ठेवा. वरून तळव्यांनी दाबत जा. दोघांनी दोन टोकं धरून पीळ घातला तर टाके तुटतात. मशीन असेल आणि पांघरूण त्यात मावत असेल तर हाताने धुतलेलंही नुसतं पिळून घ्या. त्याने वाळायचे कित्येक तास वाचतात. त्यानंतर दोघांनी मिळून, गुडघ्यांत वाकून उचला आणि गच्चीवर न्यायचं तर टबात घालून लिफ्टने न्या. जिन्यावर ठिबकलेलं पाणी लगेच पुसा.

वाळवण्याची जागा

सगळ्यात उत्तम म्हणजे सोसायटीची गच्ची. चावी कोणाकडे असते आणि त्या दिवशी टाकी धुण्याचं काम तर नाही ना, हे आदल्या दिवशीच विचारून घ्या. एकाच दोरीवर दुहेरी टाकलेलं जाड पांघरूण आतल्या घडीत ओलं राहतं. दीड-दोन फुटांच्या अंतराने दोन समांतर दोऱ्या बांधा आणि दोन्हींवरून पसरा, म्हणजे मधून वारा खेळतो. दोरी नायलॉनची, जाड. दर दोन तासांनी बाजू आणि टोक बदला.

महालक्ष्मी स्टेशनजवळच्या पुलावरून धोबीघाट पाहिला असेल तर एक गोष्ट ध्यानात घ्या. १८९०च्या सुमारास उभ्या राहिलेल्या त्या घाटावर चिमटे जवळपास दिसत नाहीत. दोन दोऱ्यांना पीळ देऊन कपड्याचं टोक त्या पिळात खोचलेलं असतं आणि वाऱ्यातही ते सुटत नाही. चादरींसाठी घरीही ही युक्ती करून बघावी.

विजेच्या, केबलच्या किंवा इंटरनेटच्या तारेवर काहीही वाळत घालू नका आणि लोखंडी तारेची दोरी वापरू नका. अशा तारेत वीज उतरून कपडे वाळत घालताना माणसं दगावल्याच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो.

खिडकीच्या ग्रिलबाहेर किंवा गॅलरीच्या कठड्यावरून जड पांघरूण लोंबकळत ठेवण्याला माझा पूर्ण विरोध आहे. खाली माणसं चालत असतात. चौथ्या मजल्यावरून पडणारं ओलं ब्लँकेट म्हणजे गंमत नव्हे. ते सरळ करायला आपण बाहेर वाकतो, स्टुलावर चढतो, आणि अपघात तेव्हाच होतात. शिवाय खालच्या घराचे वाळलेले कपडे आपल्या पाण्याने भिजतात. गच्ची नसेल तर गॅलरीत कठड्याच्या आतल्या बाजूला दोरी बांधा किंवा घरात स्टीलच्या स्टँडवर पसरून पंखा पूर्ण वेगात लावा. प्लास्टिकच्या खुर्च्या वजनाने उलटतात, त्या नकोत. पंख्याची वायर आणि प्लग ठिबकणाऱ्या पाण्यापासून लांब हवेत.

गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली किंवा जिथे कबुतरं बसतात तिथे दोरी बांधू नका. कबुतरांच्या विष्ठेने फुप्फुसांचे आजार होतात आणि आपण तोंडावर ओढायचं पांघरूण वाळवत असतो.

सकाळी नऊला टाका आणि उन्हं उतरायच्या आत, साडेचारच्या सुमाराला आत आणा. संध्याकाळी हवेतला दमटपणा वाढतो आणि दिवसभराची मेहनत कापूस परत पिऊन टाकतो. पहिल्याच दिवशी वरून कोरडं लागलं तरी विश्वास ठेवू नका. सगळ्यात जाड भागावर तळवा दाबून धरा. गारवा जाणवला तर आत ओल आहे. शंका असेल तर तासभर घडी घालून ठेवा, मग उघडून नाक लावा. कुबट वास आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन.

ठेवताना

उन्हातून आणलेलं गरम पांघरूण तसंच दिवाणात किंवा ट्रंकेत बंद करू नका. आधी पंख्याखाली गार होऊ द्या. प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा जुन्या सुती साडीत गुंडाळून ठेवलेलं बरं. कडुनिंबाची पूर्ण वाळलेली पानं मधे घाला.

डांबराच्या गोळ्या वापरत असाल तर त्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. त्या खायच्या गोळीसारख्या दिसतात आणि विषारी असतात. घरात बाळ येणार असेल तर आणखी जपा. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाच्या घटकाची कमतरता असते. अशा बाळांना या गोळ्यांच्या वाफेनेही तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. त्यामुळे बाळासाठी काढायच्या दुपट्या-गोधड्यांत या गोळ्या ठेवूच नका. आधीच ठेवल्या असतील तर ते कपडे बाळाच्या आसपास आणण्यापूर्वी धुवा, दोन दिवस वाऱ्या-उन्हात ठेवा आणि वास पूर्ण गेल्यावरच वापरायला काढा.