वाळवीला मुंगी समजू नका: ओळख आणि उपाय यांतील नेहमीच्या चुका

‘पांढरी मुंगी’ हे नाव वाळवीला इतके चिकटले आहे की बहुतेक घरांत तिच्यावर पहिला उपाय मुंग्यांचाच होतो. कोणी खडूची रेघ मारतो, कोणी पावडर टाकतो. मूळ चूक इथेच आहे, कारण मुंग्या मधमाश्या आणि गांधीलमाश्यांच्या गणातल्या आहेत, तर वाळवी झुरळांची नातलग आहे. पूर्वी वाळवीचा स्वतंत्र गण मानत असत; २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानंतर मात्र ती झुरळांच्याच वंशातली एक शाखा ठरली. कुजक्या लाकडात कुटुंब करून राहणारी क्रिप्टोसर्कस नावाची झुरळे ही तिची सर्वांत जवळची भावकी.

हे नाते केवळ पुस्तकी नाही. त्या झुरळांप्रमाणेच वाळवीच्या अनेक जातींच्या आतड्यात लाकूड पचवणारे एकपेशीय जीव असतात. कात टाकताना वाळवी ते गमावते आणि मग वसाहतीतल्या इतरांच्या विष्ठाद्वारातून पुन्हा मिळवते. आपल्याकडे वारुळे बांधणाऱ्या जाती त्याऐवजी बुरशीची शेती करतात, आणि कोकण-गोव्यात पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी चविष्ट अळंबी ही त्याच बुरशीची. (‘मुंग्यांनी बांधलेले वारूळ’ असे आपण सहज म्हणतो, पण ते श्रेय वाळवीचे आहे.) वसाहतीत अन्न एकमेकींकडे सतत फिरत असल्यामुळे समोर दिसलेल्या शंभर-दोनशे कामकऱ्यांना जागीच मारणारा फवारा फारसा उपयोगी पडत नाही. उलट काही फवारे वाळवीला नुसते दूर पळवतात, ती दुसऱ्या भिंतीतून वर चढते आणि घरमालक काही महिने निश्चिंत राहतो. हळू काम करणारे, वाळवीला जाणवत नाही असे औषध तिच्या वाटेवरच्या मातीत किंवा आमिषात असावे लागते, म्हणजे ते एकमेकींकडून वसाहतभर पोहोचते.

पहिल्या पावसात दिव्याभोवती जमणाऱ्या पंखवाल्या किड्यांनाही लोक पंख फुटलेल्या मुंग्या म्हणतात. नीट पाहा: वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर जाड आणि मिशा सरळ असतात, मुंगीचे पुढचे पंख मोठे, कंबर बारीक आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात. हे किडे बाहेरून दिव्याकडे आले असतील तर दिवे मालवून खिडक्या लावणे पुरेसे आहे. ते घरातल्याच भिंतीतून किंवा चौकटीतून निघत असतील, तर मात्र वाळवी घरात आहे, आणि नुसते पंख झाडून टाकणे हा निष्काळजीपणा ठरेल.

दुसरी मोठी गल्लत लाकडाच्या भुशाची. फर्निचरखाली पिठासारखा भुसा पडत असेल आणि लाकडाला बारीक गोल छिद्रे दिसत असतील, तर तो भुंगा असतो. तेव्हा जमिनीत औषध घालण्याचा खर्च वाया जातो. खसखशीएवढे कठीण, कडा असलेले दाणे पडत असतील, तर ती कोरड्या लाकडात राहणारी वाळवी असते. तिला मातीची गरज नसल्याने औषध त्या लाकडातच द्यावे लागते. भिंतीवर वाळवीने ये-जा करण्यासाठी बांधलेल्या मातीच्या नळ्या दिसल्या, तरच जमिनीतून येणारी वाळवी समजावी.

त्या नळ्या तपासणीआधी पुसून टाकू नका. मधला दोन-तीन इंचांचा तुकडा तोडून काही दिवस पाहा. नळी पुन्हा जोडली गेली, तर वाळवी त्या वाटेने अजून येते हे निश्चित होते, आणि तिचा माग जमिनीपर्यंत काढता येतो.

बांधून झालेल्या घरांसाठीची पद्धत भारतीय मानक आयएस ६३१३ च्या तिसऱ्या भागात दिली आहे. फरशी आणि भिंत यांच्या सांध्यात ठरावीक अंतरावर छिद्रे पाडून औषध मातीपर्यंत पोहोचवले जाते. हे काम प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यावे, आणि त्याआधी गळका नळ व भिंतीतली ओल दुरुस्त करावी.